टाळी वाजली की कापायचं

३ फेब्रुवारी, मंगळवार

साहेबांनी आज परत तोच विषय काढला. “ताईंचा आवाज असा वाया का घालवायचा?” वाया म्हणे! छापील पुस्तकं गोदामात धूळ खातात, ऐकायची पुस्तकं चालतात, आणि आमच्या प्रकाशनात ऐकायचं पुस्तक म्हणजे ताई. एकतीस पुस्तकं वाचली तिने. तिला जाऊन सात महिने झाले. आता यंत्राला तिचा आवाज शिकवायचा, मग ते तिच्याच आवाजात हवं ते नवं पुस्तक वाचेल. त्याला घरच्यांची परवानगी लागते. घरचे म्हणजे आई आणि मी. आई म्हणाली, “तू करशील ते खरं.” कागद पर्समध्ये घेऊन फिरतेय. सोळा तारखेपर्यंत सही हवी आहे.

६ फेब्रुवारी

नमुना आला. सगळं ऑफिस जमलं ऐकायला. टायपिस्ट बाई तर डोळे पुसत होत्या. ताईच होती — ‘आणि’वर जराशी रेंगाळते, तशीच रेंगाळली. माझ्या मात्र अंगावर काटा आला. काय खटकतंय ते आधी कळेना. मग कळलं — ती श्वासच घेत नाही! सात मिनिटांत एकदाही नाही.

तंत्रज्ञाला सांगितलं तर तो हसला. “मॅडम, श्वास तुम्हीच कापलेत ना? आम्हाला तुमच्या साफ केलेल्या फायली मिळाल्या. कच्च्या असतील तर द्या, घालू श्वास.” घालू म्हणे, चहात साखर घालावी तसा.

खरंच आहे ते. ती तिकडे आईच्या घरातल्या मागच्या खोलीत वाचायची, मी इकडे ऑफिसात बसून साफ करायचे. कच्च्या फायली आहेत माझ्या कपाटात. टाकवल्या नाहीत.

९ फेब्रुवारी

रजा टाकली. कच्ची फाईल लावली आणि पहिलीच टाळी ऐकून दचकले.

आमची रीतच तशी. चुकली की ताई माइकसमोर एक टाळी वाजवायची आणि वाक्य पहिल्यापासून वाचायची. पडद्यावर त्या टाळीचा उंच काटा दिसतो. काटा दिसला की मागचं चुकलेलं आणि पुढचं नव्या वाक्यापर्यंतचं सगळं उडवायचं.

टाळीनंतर ती माझ्याशी बोलायची. विसरलेच होते मी! “छोटे, तुझी छत्री माझ्याकडे राहिलीय.” “छोटे, या लेखकाला पूर्णविराम माहीत नाही बहुतेक.” पहिल्या दोन-तीन पुस्तकांत मी सगळं ऐकायचे, एकटीच हसायचे, फोन करून उत्तर द्यायचे. पुढे महिन्याला दोन-दोन पुस्तकं यायला लागली. मग कोण ऐकतंय! काटा बघायचा आणि कापायचं. हात आपोआप चालायचा.

ती मात्र बोलत राहिली होती. एकतिसाव्या पुस्तकापर्यंत.

१० फेब्रुवारी

आज काही ऐकलं नाही. हिंमत नाही झाली.

१२ फेब्रुवारी

पहिल्या पुस्तकात ती दोन-तीन वाक्यांनंतर एकदा श्वास घेते. पंचविसाव्यात प्रत्येक वाक्यानंतर. तिसाव्यात चार शब्द झाले की थांबते, मध्ये शिट्टीसारखा बारीक आवाज येतो. मला तेव्हा वाटलं होतं, माइक खराब झालाय. नवा माइक पाठवला मी! वर फोन करून चिडले — “ताई, श्वास जरा सांभाळ ना, माझं काम दुप्पट होतंय.” ती म्हणाली, “बरं.” एवढंच.

तिला दम लागत होता आणि मी तो एक-एक करून पुसत होते. डॉक्टर शेवटी म्हणाले होते, चार-पाच महिने आधी आणायला हवं होतं.

१५ फेब्रुवारी

आईकडे गेले. सही करायची तर तिने एकदा ऐकायला हवं. नमुना लावला. आई मान हलवत ऐकत राहिली. मग म्हणाली, “बघ, आता हिला दम लागत नाही. बरी झाली बाई.” मला तिथे बसवेना.

स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले तर ती मागोमाग आली. “तेव्हा किती धाप लागायची तिला. मी म्हणायचे, छोटीला सांग, ती नेईल तुला मोठ्या डॉक्टरकडे. तर म्हणाली, सांगितलंय मी छोटीला.”

खोटं! मला कधी सांगितलं? घरी येत होते, फोन करत होते, एका शब्दाने बोलली नाही. आईला गप्प करायला माझं नाव पुढे केलं. गेलेल्या माणसावर रागावू नये, पण आज रागावले. घरी येईपर्यंत तिच्याशी भांडत होते. उद्या सही करून मोकळी होणार.

१६ फेब्रुवारी

सही केली नाही. कागद फाडला.

तिसावं पुस्तक, नववं प्रकरण. वाक्य बरोबर वाचलंय, एक अक्षर चुकलेलं नाही, तरी टाळी आहे. त्यापुढे — “छोटे, हे कापायच्या आधी ऐक. जिना चढताना छाती भरून येते गं. आईसमोर नको बोलायला. तू येशील माझ्याबरोबर?” मग बराच वेळ नुसता श्वास.

फायलीच्या नावापुढे माझी खूण आहे — ‘साफ केलं, तपासलं.’