ड्रम नसलेला अल्बम

इल्पोदादा,

पोस्टातली बाई आपल्याच प्रार्थनामंडळीतली, पाकिटावर तुझं नाव दिसलं की सगळ्यांना कळेल, म्हणून हे पत्र काही तुझ्यापर्यंत यायचं नाही.

मंडळी सोडून तू मेटल बँडमध्ये गेलास, तेव्हापासूनची तुझी गिटार ऐकायची म्हणून मी पार औलू शहरातल्या वाचनालयात गेले; तिथे गाण्यांचे अल्बमही मिळतात. तुमच्या बँडचं नाव सांगून सुरुवात कुठून करू, असं विचारल्यावर काउंटरवरची बाई खुललीच. "दुसऱ्या अल्बमपासून! पहिला कच्चा आहे, शेवटचा पचायला जड." मी हळूच म्हटलं, "ड्रम नसलेला एखादा?" ती हसत सुटली. "मेटल ऐकायचंय आणि ड्रम नकोत? अहो, माशाचं सूप मागताय, पण मासा नको!"

तिला काय सांगणार? आपल्यात ड्रमचा ठेका म्हणजे पाप. ठेकाच नसेल तर पाप निम्मं, अशी मी मनाची समजूत घातली.

तसा एकच निघाला, नुसत्या गिटारीचा. दुकानामागे गाडी लावून, काचा बंद करून ऐकला. तिसऱ्याच गाण्यात तू बाबांच्या दफनाचं स्तोत्र वाजवलंस. त्या दिवशी तुला प्रार्थनाघराच्या दारातूनच परत पाठवलं होतं ना रे?

काल कणीक मळताना तेच गुणगुणत होते. नवरा म्हणाला, "किती दिवसांनी गायलीस गं!" आणि पुढची ओळ स्वतःच गायला लागला. मग पोरंही. घरभर तूच होतास, आणि तुझं नाव कुणी घेत नव्हतं.

नवऱ्यापाशी हे पाप कबूल केलं तर तो तिथल्या तिथे माफी देईल. आपल्यात माफीला नाही म्हणत नाहीत. पण माफी घेतली की ते पाप पुन्हा करायचं नसतं, म्हणजे तुला ऐकणं संपलं.

म्हणून मागितली नाही. आज दुसरा अल्बम आणलाय. ड्रमवाला.

तुझीच,
आइला