धाकटीच्या वाट्याचा थेंब

माय, आज तुझ्याशी जमादारीणबाईंबद्दल बोलायचं आहे. तू होतीस तोवर आपण दोघींनी त्यांचं नाव फारसं काढलं नाही. तुरुंगाचा विषय निघाला की तू उठून चुलीपाशी जायचीस, आणि मीही मग दुसरंच काही बोलायला लागायची. आता तू जाऊन बरीच वर्षं झाली. धाकटीला तिकडे सालेकशाकडे दिली, तिचीच लेकरं आता शाळेत जातात. तिला त्यातलं काही आठवत नाही. आठवतं ते फक्त मला, आणि माझं लिहिणं-वाचणं तुझ्याच हट्टामुळे झालं, म्हणून लिहिते आहे.

गिरणीचं मोठं अंगण मला अजून तसंच दिसतं. उकडलेलं धान वाफेसकट पसरलेलं, आणि तुम्ही बाया ते पायांनी उलटत, रांगेत पुढे-मागे चालता आहात. बाबा मानमोडीच्या तापाच्या साथीत गेले तेव्हा धाकटी तुझ्या पोटात होती. ती झाली आणि तुझं पोट दुखायचं थांबेना. गिरणीतल्या एका म्हातारीने तुला मोहरीएवढी अफू दिली. दुखणं थांबलं, तू कामाला उभी राहिलीस. सगळ्याच बाया आपल्या लेकरांना बोटाने चाटवत, म्हणजे पोत्यांच्या सावलीत ती संध्याकाळपर्यंत गप झोपत. तूही धाकटीला चाटवायचीस. मी तिच्याजवळ बसून माश्या हाकलायची. एवढं लहान लेकरू भुकेलाही का रडत नाही, असं मला तेव्हा कधी वाटलं नाही.

पुढे मोहरीचा वाटाणा झाला. अफूच्या सरकारी ठेक्याच्या दुकानातून मिळायची तेवढी पुरेना. मग गाडीने येणाऱ्या एका माणसाच्या पुड्या तू लुगड्याच्या ओच्यात बांधून गावात पोचवू लागलीस, त्यातली थोडी तुला मिळे. स्टेशनावर शिपायाने तुला धरलं तेव्हा धाकटी तुझ्या कडेवर झोपली होती आणि मी तुझा पदर धरून उभी होते. तू रडली नाहीस. शिपायाला एवढंच म्हणालीस की पोरींना घेणारं कोणी नाही. तुला कैद झाली. माझ्याएवढ्या मुलीला तुरुंगात ठेवत नसत, पण तिथल्या साहेबाने विचारपूस केली आणि राहू दिलं.

बायकांचा भाग म्हणजे एक भिंत, तिच्या आत दोन खोल्या, एक कडुनिंब आणि दळायची जाती. कैदिणी पाच-सहाच होत्या. त्यांच्यावर जमादारीणबाई. तिरोड्याकडच्या, अंगाने आडव्या, विधवा, बोलायला रोखठोक. त्या तुरुंगात कैद्याची अफू फाटकातच बंद होई. दुसऱ्याच दिवशी तुला जांभया सुरू झाल्या, नाका-डोळ्यांतून पाणी, मग जुलाब. कडक उन्हात तुझ्या अंगावर काटा येत होता. पाय असे झाडायचीस की मला जवळ बसता येईना. जमादारीणबाई मीठ घातलेली पेज पाजायच्या, तुझ्या पोटऱ्या दोन्ही हातांनी दाबून धरायच्या. तू त्यांना शिव्या द्यायचीस. त्या म्हणायच्या, दे, पण पेज पी.

धाकटीचं मात्र वेगळं होतं. ती कैदी नव्हती. डॉक्टर फेरीवर आले, त्यांनी तिला उताणी-पालथी करून पाहिलं आणि सांगितलं की एकदम तोडली तर हे लेकरू जगणार नाही. तिच्यासाठी साखरपाण्यात अफूच्या अर्काचे थेंब ठरले, हळूहळू कमी करत न्यायचे. रोज सकाळी दवाखान्यातून बोंडल्यात, लेकरांना पाजायच्या चोचीच्या भांड्यात, ते पाणी यायचं. पहिल्या दिवशी जमादारीणबाईंनी स्वतः पाजलं. मग म्हणाल्या, माय आहे तर मायनंच पाजावं.

तू काय केलंस ते मी पाहिलं, माय. मी जात्यापाशी बसले होते. फाटकावरून कोणीतरी हाक मारली म्हणून जमादारीणबाई उठून गेल्या. तू बोंडलं धाकटीच्या ओठांपर्यंत नेलंस. तिथे तुझा हात थांबला. तू भिंतीकडे तोंड केलंस, मान वर झाली, आणि परत वळलीस तेव्हा बोंडलं रिकामं होतं. तू ते पदराने पुसलंस. मला तुझा राग आला नाही, हे खरं सांगते. किती दिवसांनी तुझा चेहरा निवलेला दिसला, याचंच मला बरं वाटलं.

दुपारी धाकटी रडायला लागली. ते रडणं लेकराचं वाटतच नव्हतं. ती ताठ होऊ लागली, ओठ काळेनिळे पडले. जमादारीणबाई धावत आल्या. त्यांनी धाकटीला उचललं, मग तुझ्या डोळ्यांत पाहिलं. सकाळपर्यंत पाण्याने भरलेले ते डोळे कोरडे आणि शांत होते. त्यांना काही विचारावं लागलं नाही. जात्यावरची एक म्हातारी कैदीण म्हणाली, साहेबाला सांगा, अशा बाईजवळ लेकरू ठेवू नये. सांगितलं असतं तर धाकटीला अनाथाश्रमात नेलं असतं, आणि कदाचित मलाही. तू खाली मान घालून बसली होतीस. जमादारीणबाई धाकटीला खांद्यावर टाकून दवाखान्याकडे गेल्या. डॉक्टरांना त्यांनी सांगितलं, सकाळचं औषध माझ्या हातून सांडलं. त्याबद्दल त्यांना बोलणी बसली, हे त्या म्हातारीनेच नंतर सगळ्यांना सांगितलं. धाकटीला नवे थेंब मिळाले. ती सूर्य मावळायच्या आत शांत झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोंडलं आलं, आणि जमादारीणबाईंनी ते तुझ्यासमोरच धरलं. तू हात मागे घेतलेस.

"माह्या हातात देऊ नोका बाई," तू म्हणालीस. "माह्या हातावर माहाच भरवसा नाही."

"तो तं मलेही नाही," त्या म्हणाल्या. "पण बाहेर गेल्यावर इले कोण पाजेल? मी येईन का तुह्या घरी? इथंच शिक."

त्यांनी बोंडलं तुझ्या हातात दिलं आणि तुझ्याकडे पाठ करून, कडुनिंबाकडे तोंड करून बसल्या. मुद्दाम. जात्यांचा आवाज थांबला होता. बोंडल्याची चोच धाकटीच्या हिरड्यांवर आपटत होती. थोडं पाणी तिच्या हनुवटीवर सांडलं. तुझं तोंड उघडं होतं, जशी तूच ते पिते आहेस. तू ते पाजलंस. हनुवटीवरचं बोटाने टिपून तेही तिच्याच तोंडात घातलंस. मग बोंडलं खाली ठेवलंस आणि उकिडवी बसून ओकलीस. जमादारीणबाई तेव्हा वळल्या. तुझं डोकं धरून राहिल्या.

त्यानंतर रोज असंच. तुझं अंग सावरायला वेळ लागला. कधी तू बोंडलं हातात घेऊन बराच वेळ बसायचीस, आणि जमादारीणबाई तेवढा वेळ कडुनिंबाकडे पाहत बसायच्या. पुढे बोंडल्यात नुसतं साखरपाणी येऊ लागलं. एका सकाळी धाकटीने भूक लागली म्हणून साधं, रागीट रडणं काढलं, आणि तुम्ही दोघी एकमेकींकडे पाहून हसलात. तुला मी कितीतरी दिवसांत हसताना पाहिलं नव्हतं.

सुटून आलो आणि मुर्री या जवळच्या खेड्यात राहू लागलो. पुड्यांचा तो माणूस एकदा दाराशी आला होता. तू हातातलं सूप खालीही ठेवलं नाहीस. "आता नाही," एवढंच म्हणालीस आणि पाखडत राहिलीस. गिरणीत परत गेलीस, पण धान उलटायला नाही. लेकरांना चाटवू नका म्हणून बायांशी भांडलीस. त्या चिडल्या, म्हणाल्या, जेलातून शिकून आली. मग तूच म्हणालीस, लेकरं माझ्याजवळ द्या. पोत्यांच्या सावलीत तू ती सांभाळायला लागलीस, रडणारी, ओली करणारी, मातीत हात घालणारी. प्रत्येक बाई पसाभर तांदळाची कणी द्यायची, त्यावर आपलं घर चाललं. कलकलाट इतका होई की मुनीम ओरडायचा. तू म्हणायचीस, जिती आहेत म्हणून ओरडून राहिली.

तू काही देवी झाली नव्हतीस, माय. ढगाळ दिवशी तुझे पाय दुखायचे, तेव्हा तू कोणाशी बोलायची नाहीस, मुठी आवळून भिंतीला टेकून बसायचीस. मी जवळ आले तर फटका द्यायचीस. गावातल्या कामाला तू ठेक्याच्या दुकानाचा रस्ता सोडून बांधाबांधाने लांबून जायचीस, चिखल तुडवत. मला ते फुकटचं वाटायचं. इतक्या वर्षांनंतर आता काय होणार आहे, असं मी एकदा म्हणालेही होते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही हे मला ठाऊक आहे. तरी ज्यासाठी लिहायला बसले ते सांगून टाकते. या उन्हाळ्यापासून माझ्या पोटात गाठ आहे. दुखतं. डॉक्टरांनी एक बाटली दिली. त्यात काय आहे ते मी विचारलं आणि त्यांनी खरं सांगितलं, अफूचाच अर्क. बाटली मी माझ्या थोरल्या लेकीकडे दिली, तीच मला चमच्याने देते. पहिल्यांदा घेतलं तेव्हा दुखणं तर थांबलंच, पण त्याशिवायही काहीतरी झालं. तुझं जाणं, यांची नोकरी, पोरीचं लग्न, सगळं कुठेतरी लांब, सावलीत जाऊन बसलं. भिंतीकडून परत वळलेला तुझा चेहरा मला तेव्हा आतून कळला. आणि बांधाबांधाने जाणंही कळलं.

आज दुपारी फारसं दुखत नव्हतं, माय. तरी मी थोरलीला हाक मारून बाटली मागितली.