घर विकलं, आता भारत

३० जून १९८२, बुधवार
आज रिटायर झालो. चौतीस वर्षं भूगोल. सानगडीच्या शाळेत निरोप समारंभ. शाल, नारळ आणि हेडमास्तरांचं भाषण. भाषणात माझं नाव दोनदा चुकलं. उत्तर द्यायला उभा राहिलो तर समोर अख्खं गाव. बोलता बोलता जाहीर करून टाकलं, की आता राहतं घर विकून मी आणि सौभाग्यवती कायमचे भारतभ्रमणाला निघणार. प्रचंड टाळ्या. हा निर्णय मला स्वतःलाही आधी माहीत नव्हता. थोर निर्णय असेच होतात.

१ जुलै
सत्यभामाला सांगायचं राहून गेलं होतं. सकाळी विहिरीवर शेजारच्या कुंताबाईंनी सांगितलं. घरी आल्यावर तिनं घागर उतरवली आणि एवढंच विचारलं, काहून? मी पाऊण तास समजावलं. घर माणसाला बांधून ठेवतं, जग फिरल्याशिवाय ज्ञान नाही, वगैरे. तिचं म्हणणं, लग्नाला छत्तीस वर्षं झाली, तुमी नागपूरच्या पल्याड गेले काय? प्रवास वेगळा, अभ्यास वेगळा, हे बायकांना कळणं कठीण. नागपूरलाही मी दोनदा गेलो आहे. एकदा डोळ्यांसाठी, एकदा दातांसाठी.

५ जुलै
उद्यापासून रोज पहाटे चार मैल चालणे. चहा बंद. भ्रमणासाठी शरीर कमवणे आवश्यक.

६ जुलै
पाऊस. चहा घेतला.

२२ ऑगस्ट
घराला गिऱ्हाईक. वासुदेवराव, धानाचे व्यापारी. मुलाचं लग्न ठरलंय, त्याच्यासाठी घर हवं. भिंती ठोकून पाहिल्या, छपरावरचे कवेलू पाहिले, परसातलं सीताफळ पाहिलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, मास्तर, आणखी एकदा विचार करा, पक्कं बांधलेलं घर आहे, बाई कुठं जाईल. ही व्यापाऱ्याची चाल मी लगेच ओळखली. अशाने मी डळमळेन असं त्यांना वाटलं. तिथल्या तिथे होकार देऊन टाकला. पस्तावले असतील.

३ सप्टेंबर
बालाघाटहून ललिताचं पत्र. लिहिते, बाबा, आधी महिनाभर फिरून बघा, जमलं तर घर विका. मुलीला मॅट्रिकपर्यंत मीच शिकवली, तरी ही अवस्था. पोहायला शिकायचं तर आधी पाण्यात उडी घ्यावी लागते, असं उत्तर लिहिलं. (मला पोहता येत नाही, पण मुद्दा तो नव्हे.)

१७ सप्टेंबर
साकोलीला जाऊन रजिस्ट्री केली. जाताना एस.टी.त उलटी. येताना दोन. सत्यभामाने सकाळी पोह्यांत तेल जास्त घातलं होतं.
घरी आलो तर ती ओटा सारवत बसलेली. म्हटलं, विकलेल्या घराचा ओटा कशाला सारवतेस? मान वर न करता म्हणाली, “इकलं तुमी. सारवून राहिली मी.”
पोट ठीक नव्हतं, म्हणून आत जाऊन पडलो.

१० ऑक्टोबर
सामान कमी करण्याचा सप्ताह. फिरत्या माणसाला लागतं काय? काही नाही. जातं, पाटा-वरवंटा, पितळी हंडे, तिच्या आईची फणी-करंड्याची पेटी, दोन्ही खाटा, सगळं वाटून टाकलं. केवढं हलकं वाटलं. ठेवलं ते फक्त अत्यावश्यक : भिंतीवरचे चौदा नकाशे, पृथ्वीचा गोल, बॅरोमीटर, शाळेतली छडी आणि मासिकांचे अकरा वर्षांचे गठ्ठे. दोन मोठ्या ट्रंका आणि एक होल्डॉल. सत्यभामाचं सगळं एका पिशवीत बसलं. तिला अजून प्रवासाचं गांभीर्य कळलेलं नाही.

१३ ऑक्टोबर
जमिनीवर झोपणं आरोग्याला उत्तम, हे तिला सविस्तर समजावलं. कमरेत चमक भरली. समजावताना वाकून बसलो होतो म्हणून.

२१ नोव्हेंबर
दिवाळी झाली. घराचा ताबा दिला. लग्न फेब्रुवारीत, तोवर घर रिकामंच, निघेपर्यंत राहा, असं वासुदेवराव म्हणाले. दोन-चार दिवसांत निघूच. पहिला मुक्काम जगन्नाथपुरी.

२ डिसेंबर
बंगालच्या उपसागरात यावेळी वादळं होऊ शकतात. बॅरोमीटरचा काटा हलत नाही, ही तर आणखीच काळजीची गोष्ट. पुढे ढकललं.

१५ डिसेंबर
बैठकीत वासुदेवरावांची धानाची पोती आली. आम्ही मधल्या खोलीत.

२३ डिसेंबर
मधल्या खोलीत पोती आली. आम्ही स्वयंपाकघरात. थंडी फार, अशात निघणं मूर्खपणाचं. चौकात पानठेल्यावर भैय्याजीने विचारलं, मास्तर, भारत हलवला काय कुठं? हशा. या गावात विद्येला किंमत नाही.

४ जानेवारी १९८३
सत्यभामाने दशम्यांसाठी पीठ दळून आणलं. कोणासाठी विचारलं, तर म्हणाली प्रवासासाठी. मी तारीख सांगितलेली नव्हती. तिनं ती कुंताबाईंना आधीच सांगून टाकली : बारा. आता मागे फिरणं शक्य नाही. बाईमाणसाला गुप्तता म्हणून ठाऊक नाही.

१२ जानेवारी
गाव निरोपाला. हार. छोटंसं भाषण, अर्धा तास. सौंदडला छोटी गाडी धरली, दुपारी गोंदियाला उतरलो. इथून मोठी गाडी पूर्वेकडे. फलाटावर सत्यभामा म्हणाली, कोण्या तरी हमालाले विचारा. भूगोलाच्या शिक्षकाने हमालाला दिशा विचारायची! ट्रंका चढवल्या, जागा मिळाली, गाडी वेळेवर सुटली.
ऊन समोरून येऊन राहिलं, असं तिनं थोड्या वेळाने म्हटलं, आपण तर उगवतीकडे चाललो ना? मी सांगितलं, रुळांना वळणं असतात.
मग तिरोडा आलं. तिची धाकटी बहीण तिरोड्याला दिलेली आहे. हे तेच तिरोडा, असं तिचं म्हणणं. एका नावाची अनेक गावं असतात, औरंगाबाद दोन आहेत, हे मी तिला पटवून दिलं. तेवढ्यात तिनं खिडकीतून फलाटावरच्या एका भजेवाल्याला नावाने हाक मारली, आणि त्याने ओ दिली.
पुढे तुमसर रोड आलं. अनेक तुमसर रोड असण्याबद्दल मी काही बोललो नाही.
टी.सी. सज्जन होता. तिकिटं बघितली, ट्रंका बघितल्या, गुंडाळलेले नकाशे बघितले. “मास्टरजी, पढ़ाते क्या थे?”
मी इतिहास म्हणालो.
भंडारा रोडला उतरवलं.

१३ जानेवारी
वेटिंग रूममध्ये दशम्या खाल्ल्या. सत्यभामाचा आग्रह, इथूनच पूर्वेची गाडी पकडू, तिनं खिडकीवर विचारूनही ठेवलं होतं. पण घाईत घेतलेले निर्णय मला पसंत नाहीत. आधी घरी जाऊन अभ्यास, मग प्रवास. एस.टी.ने सानगडी. उलट्या तीन. दशम्यांत तेल.
घरापाशी आलो तेव्हा स्वयंपाकघरातही पोती लागलेली. वासुदेवरावांनी एक शब्द न विचारता मागची गुरांची खोली झाडून दिली. चार दिवस राहा म्हणाले. भैय्याजीने मात्र विचारलंच, पुरी झाली काय मास्तर? म्हटलं, अर्धी झाली.

१६ फेब्रुवारी
पोती गेली, वासुदेवरावांची सून राहायला आली. घरात पुन्हा भांड्यांचा आवाज. सूनबाई ओटा रोज सारवते. सत्यभामा आमच्या खोलीच्या दारात बसून बघते. तिला हवाबदल हवा आहे. उन्हाळा संपला की निघायचंच.

१९ फेब्रुवारी
साकोलीहून बायकांची यात्रा-बस पुरीला चालली आहे. कुंताबाई, जनाबाई आणि इतर. सत्यभामानेही नाव घातलं. मला विचारलं, येता काय, एक सीट आहे. मी कारणं सांगितली : बस माझ्या प्रकृतीला मानवत नाही, सामानाजवळ कोणीतरी हवं, शिवाय मार्चमधल्या वाऱ्यांचा अभ्यास अपुरा आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं. पिशवीची गाठ मारली आणि म्हणाली, “तुमाले जायचं नव्हतंच. तुमाले फक्त सांगायचं होतं. माझं घर कायले इकलं मंग?”
आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

२० फेब्रुवारी
गेली. बसपर्यंत पिशवी मी नेली. फारच हलकी होती.
एकांत अभ्यासाला पोषक. उद्यापासून वेळापत्रक. स्वयंपाक म्हणजे काही मोठं शास्त्र नाही.

२१ फेब्रुवारी
वरण लागलं. भातही लागला.

२ मार्च
पुरीहून कार्ड. तिच्या चौथी पास अक्षरात : “समुद्र पाह्यला. लय मोठा आहे. पाण्यात उभं राह्यलं तं पायाखालची वाळू सरकते, भेव वाटते आणि बरंही वाटते. तब्येत चांगली. जेवत जा.”
भरती-ओहोटीचा उल्लेख नाही. खारेपणाचं कारण नाही. लाल पेन्सिलीने शुद्धलेखनाच्या चार चुका दुरुस्त केल्या. दहापैकी सहा दिले. संध्याकाळी पुन्हा वाचलं, आठ केले.

११ मार्च
यात्रा-बस परत येणार होती. वर्तमानपत्र आणायला म्हणून स्टँडवर गेलो. दाढी केली होती, ती योगायोगाने. बस दीड तास उशिरा. कुंताबाई उतरल्या, प्रसादाची पुडी दिली. बाकीच्या बाया उतरल्या. बस रिकामी झाली तरी मी बघत होतो. क्लीनरने दार लावलं.
कुंताबाई म्हणाल्या, सत्यभामा आणि जनाबाई नागपूरच्या बायांच्या जथ्यासोबत पुढे रामेश्वरला गेल्या. मग म्हणाल्या, “मी म्हटलं वो तिले, घरी नाई येत काय? तं मलेच म्हणे, घर कोठं आहे, सांग.”
प्रश्न भूगोलाचा होता. मला आला नाही.

१४ मार्च
वरण आता लागत नाही. पण मिठाचा डबा संपला, आणि जास्तीचं मीठ ती कुठे ठेवते ते माहीत नाही. दोन दिवस अळणी खाल्लं. रक्तदाबाला चांगलं असतं.
आज तिला विचारायला कार्ड लिहायला घेतलं. आधी हवामान लिहिलं, मग सीताफळाला पालवी फुटल्याचं, मग मिठाचं. जागा उरली होती म्हणून लिहिलं, की मी चुकलो असेन. खोडलं. पुन्हा लिहिलं. कार्ड उलटवलं तेव्हा लक्षात आलं, पत्ता काय घालायचा.
कार्ड वहीत ठेवलं. मिठासाठी वाटी घेऊन पुढच्या दाराशी गेलो. दार लावलेलं होतं. वाजवलं, आणि सूनबाई उघडेपर्यंत सारवलेल्या ओट्यावर उभा राहिलो.