राईतली डहाळी

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५, डिचोली

नव्या गावात नवी वही. फोंड्याहून निघताना आईने दोन पिशव्या भरून फराळ दिला. मी दुष्काळी मुलखात चाललोय असंच तिला वाटत असावं. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचं, वर्षभराचा करार. खोली सत्यवतीबाईंच्या घराच्या मागच्या बाजूला आहे. लाल कोब्याची गार जमीन, खिडकीशी शेवगा. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला तेव्हा बाईंनी माझ्यासाठीही उंडे घेतले. मी झाडांचा मास्तर म्हटल्यावर त्यांनी मिरीच्या वेलाची सगळी दुखणी सांगितली. मी वैद्यासारखी मान डोलावली. मिरीतलं मला ओ की ठो कळत नाही. माझा जीव जायफळाच्या कुळात. पीएचडी त्यातच केली.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आज वर्गात जायफळाचं कूळ घेतलं. पोरं पेंगत होती, म्हणून ओळखीच्या खुणा आधी सांगितल्या. साल खरवडली की लाल रस येतो, अगदी रक्तासारखा. नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. नरफुलातले सगळे केसर जुळून एकच खांब होतो, आणि जाती वेगळ्या करायच्या तर त्या खांबाकडेच बघायचं. दलदलीतल्या जातींची मुळं चिखलातून वर येतात आणि गुडघा मोडून परत खाली जातात.

पहिल्या बाकावरची सेजल म्हणाली की अशी झाडं त्यांच्या गावच्या देवराईत आहेत. तिचे वडील सगुणबाब त्या राईची राखण करतात, देवाचा दिवाही पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याच घरातून लागतो. मी खडू खाली ठेवला आणि रविवारी येऊ का विचारलं.

रविवार, ९ फेब्रुवारी

गावाचं नाव लिहीत नाही. तसं सगुणबाबांना कबूल केलंय. निदान एवढा तरी शब्द पाळतो.

सकाळी आठला पोचलो. सगुणबाब साठीचे, कमी बोलणारे. मला एक डहाळी नेऊ द्यावी का, म्हणून त्यांनी देवाला कौल लावला. पाषाणाच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि माझ्या वतीने गाऱ्हाणं घातलं. उजवी पडली तर होकार. डावी पडली. त्यांनाच वाईट वाटलं. बघ हवं तेवढं, नेऊ मात्र काही नको, असं समजावून म्हणाले, "हांगाचें पान हांगाच कुसपाक जाय, मास्तर." इथलं पान इथेच कुजायला हवं.

आत घोटाभर पाणी, सगळीकडे मुळांचे गुडघे. झऱ्याजवळ एक नर झाड फुललेलं होतं. भिंगातून पाहिलं, भिंग पुसून पुन्हा पाहिलं. केसरांचा खांब टोकाला दुभंगलेला. या कुळात असं कुणी नोंदवलेलं नाही. नवी जात! पण नुसत्या फोटोवर झाडाला नाव मिळत नाही. वाळवलेली एक डहाळी संग्रहात ठेवावी लागते, नाहीतर सगळ्या बाजारगप्पा.

सगुणबाब झऱ्यातला पाला काढायला वाकले. मी डहाळी मोडली आणि वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत सारली. रस पँटवर सांडला, डाव्या नडगीवर. त्यांनी वळून पाहिलं ते नेमकं तेच.

मी म्हटलं, मुळावर आपटलो, लागलं.

त्यांनी मला दगडावर बसवलं. जखम उघडून दाखवायला मी तयार होईना, तेव्हा खांद्यावरचा पंचा पँटवरूनच बांधला, घट्ट. मग माझा हात आपल्या गळ्यात घेऊन रस्त्यापर्यंत चालवत आणलं. पाऊण मैल मी लंगडलो. चांगला लंगडलो. राईत आलेल्या माणसाला इजा झाली, म्हणून ते वाटभर देवाची माफी मागत होते.

घरी पंचा सोडला. पाय धडधाकट. मला माझी लाज वाटली, पण खोटं कशाला लिहू, आनंद त्याहून मोठा होता.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

माझ्या जुन्या मार्गदर्शकांना वर्णन पाठवलं. ते हरखलेत, नाव काय ठेवतोस विचारतात. सगुणबाबांचंच नाव द्यावं म्हणतो. नाव देऊन चोरी फिटत असती तर काय हवं होतं.

डहाळी वाळत नाही. दोनदा कागद बदलले, दोन्ही लाल. नडगीवर केसाएवढी रेघ दिसतेय, पंचा बांधला होता तिथेच.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

सेजल दुपारी स्टाफरूममध्ये आली. डहाळी मोडल्याची जागा पूजेच्या दिवशी गावाला दिसली. एरवी राईत सगुणबाबांशिवाय कुणी जात नाही. आपल्याच कोयत्याचा धक्का लागला असेल, असं त्यांनी आपणहून सांगितलं. गावाने त्यांच्याकडून दिवा लावायची सेवा काढून घेतलीय. कुणीतरी माझं नाव काढलं, तर ते म्हणाले, "मास्तराक कांय विचारूं नाकात. तो आमच्या राईंत दुखावला."

हे सांगून तिने वडिलांनी पाठवलेला लेप पुढे केला आणि पाय कसा आहे विचारलं. बरा आहे म्हणालो. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हाच सांगायचं होतं. चार शब्दांचं काम होतं.

संध्याकाळी रेघ उघडली. वीतभर. दुखत नाही. रस चिकट आहे, हवेत काळपट होतो, आणि त्याला जायपत्रीचा वास येतो.

सोमवार, १७ फेब्रुवारी

डॉक्टरांनी टाके घातले. वर्गात पोचेपर्यंत सुटले. पँट भिजली. सगळ्यांसमोर सेजल खाली बसली आणि आपली ओढणी माझ्या नडगीला बांधली. बापासारखीच, घट्ट. मी फळ्याकडे तोंड केलं. तेव्हाही बोललो नाही. नोकरी, नाव, लोक काय म्हणतील — हेच डोक्यात.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

गुडघा वाकत नाही. खोलीत मसाला सांडलाय का, सत्यवतीबाई विचारतात. डहाळी वाळवायचा दाब उघडून पाहिला. डहाळीवर काल कळी होती, आज तिचं फूल झालंय.

गुरुवार, २० फेब्रुवारी

कॉलेजला गेलो नाही. टेबलाखाली कोब्याला तडा गेलाय, डावं पाऊल टेकतो तिथे. बुटात पाय मावत नाही. नडगीची कातडी खडबडीत, राखाडी. नखाने खरवडली. लाल.

वर्गात मीच सांगितलेल्या खुणा —

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

गावी जायचं ठरवलं. सगळ्यांसमोर सांगायचं. उठलो. पाऊल उचललं जात नाही. तड्यातून खाली गेलंय. ओढलं तर घरच हलल्यासारखं —

खाली ओल आहे. बरं वाटतं. हे बरं वाटणं सगळ्यात —

शनिवार, २२ फेब्रुवारी, सकाळ

अंगणात सगुणबाबांचा आवाज. मास्तराचा पाय बघायला आलेत. सत्यवतीबाई दार उघडतायत.

सांगणार. जबडा हलत नाही. लिहून देतो, सेजल वाचून दाखवील.

आले. माझा पाय बघून घाबरले नाहीत. पायाशी बसलेत. पुन्हा माफी मागतायत — माझी. खांद्यावरचा पंचा काढलाय, बांधायला —

सगुणबाब, बांधू नका. मला लागलंच नव्हतं. ते रक्त माझं नव्हतं, ते मी