कडी लावली की काढली

तीर्थरूप यमुताईस,

बेसा, नागपूर येथून सुमंतचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होतो, पण कंबर कबूल होत नाही, तेव्हा उभ्यानेच केलेला गोड मानून घे. तुझे गुडघे कसे आहेत? तो नवा तेलवाला डॉक्टर अजून चालू आहे की त्यालाही तू रामराम केलास? इकडे आम्ही दोघं सुखरूप म्हणावेत असे आहोत. मयुराचं बीपी गोळीनं ताब्यात आहे, माझं मी मोजतच नाही. ऊन म्हणशील तर गॅलरीत वाळत घातलेला टॉवेल काढायला गेलं की पापडासारखा मोडेल की काय असं वाटतं. फोन सोडून पत्र कशाला, असं तू विचारशील. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि व्हॉट्सॲपवर लिहिलं तर ते तुझी सून आधी वाचते आणि तुला सारांश सांगते. या गोष्टीचा सारांश होत नाही. (आणि झाला तर मी मूर्ख दिसतो.)

ताई, मी थकलो आहे. नोकरीत असताना इतका थकलो नव्हतो. कारण सांगतो. आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी अश्विन, चांगला मुलगा आहे, पण रिटायर्ड माणूस मोकळा बसलेला त्याला पाहवत नाही. फेब्रुवारीत ऊन तापू लागलं तेव्हा म्हणाला, "काका, तुमच्या घरी एवढी पुस्तकं आहेत, रविवारी हॉल रिकामाच असतो, काहीतरी सुरू करा ना." मी सुरू केलं. प्रत्येकानं यायचं आणि स्वतःला आवडलेल्या एका पुस्तकाबद्दल बोलायचं. नावडलेल्याबद्दल बोलायचं नाही, एवढा एकच नियम. माणसं आवडीचं बोलू लागली की भांडण कशाला होईल, असा माझा हिशेब. (जन्मभर पाटबंधारे खात्यात काढल्यामुळे भांडणं फक्त पाण्यावरून होतात अशी माझी समजूत होती.)

पहिले काही रविवार त्यातल्या त्यात बरे गेले. एक गृहस्थ मधुमेहावरच्या पुस्तकावर इतकं जीव तोडून बोलले की मयुरानं केलेल्या आलूबोंड्यांना कोणी हात लावला नाही आणि आम्ही ते दोन दिवस खाल्ले. दुसऱ्या एकांनी रहस्यकथेची सुरुवातच खुन्याच्या नावानं केली, म्हणजे म्हणे ऐकणाऱ्यांच्या जिवाला घोर नको. शिवाय हॉलमधला कूलर. तो थंड हवा देतो का, यावर दुमत आहे, पण आवाज असा देतो की "हे पुस्तक मला फार हळुवार वाटलं" हे वाक्यसुद्धा बसस्टँडवर कंडक्टरनं गाव पुकारावं तसं ओरडून सांगावं लागतं. परिणाम असा की खालून जाणाऱ्याला वर कायम मारामारी चालल्यासारखं वाटायचं. नंतर ती खरंच सुरू झाली, तेव्हा म्हणूनच कोणी वर आलं नाही.

झालं असं. आमच्याकडे शोभाताई आहेत, एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. बोलताना अजूनही मागच्या बाकाकडे पाहतात. त्यांनी त्यांची आवडती कादंबरी आणली. (नाव लिहीत नाही. तुझ्याही कपाटात ती असायची, आणि तुझ्या घरात शांतता आहे ती राहू दे.) गोष्ट अशी, की एक माणूस बायकोला एका शब्दानं न सांगता घर सोडून जातो. ती एकटीनं संसार ओढते, मुलं मोठी करते, आणि बऱ्याच वर्षांनी एका संध्याकाळी तो येऊन दार वाजवतो. शोभाताई डोळे पुसत म्हणाल्या, की ती शेवटी दार उघडते ना, तिथे माझा जीव त्या बाईवर जडला, केवढं मोठं मन! तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून बाबाराव उठले.

बाबाराव कळमेश्वरच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात फोरमन होते. बायको वारली, आता आमच्या खालच्या मजल्यावर आपल्या थोरल्या बहिणीसोबत राहतात. पार्वतीबाई तिचं नाव, वय ऐंशीच्या आसपास, शिवणकाम करून बोटं वाकडी झालेली, आमच्या सभेला नेमानं येते आणि कूलरच्या बरोबर समोर बसून शांतपणे डुलक्या घेते. बाबाराव सहसा कोणाला उलटून बोलत नाहीत. त्या दिवशी मात्र लालबुंद झाले. म्हणाले, "मॅडम, तुम्ही काय बोलून राहिल्या? ते दार उघडतच नाही! तेच तर पुस्तक आहे!" शोभाताई म्हणाल्या, मी हे पुस्तक सात वेळा वाचलंय. बाबाराव म्हणाले, माह्यं पाठ आहे.

ताई, मला त्या दिवशी एक कळलं. ज्यांना वेगवेगळी पुस्तकं आवडतात ती माणसं एकमेकांना चहा पाजतात. एकाच पुस्तकावर जीव असलेल्या दोघांना एका खोलीत ठेवू नये. पुढच्या रविवारपर्यंत सोसायटीत दोन तट पडले. दार उघडणारे आणि न उघडणारे. ज्यांनी पुस्तक पाहिलंही नव्हतं त्यांची मतं जास्त पक्की होती. आमच्या मजल्यावरच्या एका जोडप्यानं तर त्यावरून स्वयंपाक वेगळा केला. (एक वेळचाच. संध्याकाळी नवऱ्याला भूक लागली.) शेवटी दोघांनी मला पंच नेमलं आणि दोन्ही प्रती माझ्या हवाली केल्या.

मी घरी येऊन शांतपणे बसलो आणि दोन्हींची शेवटची पानं शेजारी शेजारी ठेवली. बाबारावांची प्रत त्यांच्या तरुणपणी सक्करदऱ्याची एक जुनी लायब्ररी बंद झाली तेव्हा त्यांनी घेतलेली. जाड पुठ्ठ्याची लायब्ररीची बांधणी. शेवटचं पान, शेवटची ओळ, "तिनं दाराला कडी लावली." पूर्णविराम, आणि लगेच पुठ्ठा. आता शोभाताईंची प्रत. तेच पान, तीच ओळ, तोच पूर्णविराम. पण इथे समोर आणखी एक पान आहे. त्यावर लिहिलंय, "चुलीवरचं दूध उतरवून आली, आणि मग कडी काढली." त्यापुढे पानाच्या दोन्ही बाजू भरून ती दोघं नुसती बसून आहेत. बाबारावांच्या प्रतीत शिवणीपाशी त्या फाटलेल्या पानाची बारीक किनार अजून होती.

मला हसू आलं. मयुराला बोलावून दाखवलं, तर ती हसली नाही. म्हणाली, "बाबारावांना सांगू नका." का, ते तिला माहीत होतं. बायकांना खालच्या मजल्यावरचं सगळं माहीत असतं. पार्वतीबाईचा नवराही असाच गेला होता. लग्नाला फार दिवस झाले नव्हते, आणि ही भावाच्या आसऱ्याला आली. बाबारावांनी ही कादंबरी वाचली, भारावून गेले, आणि त्याच सुमारास तो गृहस्थ एक दिवस परत आला. तेव्हा बाबारावांनी बहिणीला दार उघडू दिलं नाही. तो पुन्हा कधी आला नाही. पार्वतीबाईनं पुढचं सगळं आयुष्य मशीन चालवून काढलं. आता तूच सांग, अशा माणसाला मी काय सांगू? की तुमचं एक पान वाचायचं राहिलं?

मी खोटं बोलायचं ठरवलं. (सरकारी नोकरीत मी वरिष्ठांना याहून मोठमोठे अहवाल पचवायला लावले आहेत.) रविवारी उभा राहिलो आणि कूलरच्या वरताण ओरडून जाहीर केलं, की या पुस्तकाच्या दोन आवृत्त्या असून दोन्हींचे शेवट निरनिराळे आहेत, सबब दोघेही बरोबर. टाळ्या पडल्या. शोभाताई मात्र मुख्याध्यापिका. त्या उठल्या, माझ्या हातातून दोन्ही पुस्तकं घेतली, पानांचे आकडे पाहिले, शिवणीवरून बोट फिरवलं, आणि वर्गात चोरी पकडल्यासारखं पुस्तक उंच धरून म्हणाल्या, "हे काय? पान फाटलंय याचं!" आणि नेमकी त्याच क्षणाला लाईट गेली.

कूलर बंद पडला. इतक्या रविवारांत पहिल्यांदा त्या हॉलमध्ये सगळ्यांना सगळं ऐकू येऊ लागलं. बाबारावांनी पुस्तक हातात घेतलं, ती किनार पाहिली, आणि शोभाताईंच्या प्रतीतलं पुढचं पान उभ्यानंच वाचलं. वाचताना ओठ हलत होते. मग खाली बसले. म्हणाले, "मंग मीनं अक्काले काहून थांबवलं?" कोणाला विचारलं कोणास ठाऊक. पुढे म्हणाले, "पुस्तकातल्या बाईनं दार उघडलं अन् मी माह्या बहिणीले उघडू नाही दिलं. अर्धं पुस्तक वाचून तिचा पूर्ण जलम घालवला मीनं." शोभाताईंचा वर धरलेला रिकामा हात हळूहळू खाली आला. मी ताई, खरं सांगतो, जमिनीत जायला जागा शोधत होतो.

तेव्हा कूलरसमोरची खुर्ची करकरली. पार्वतीबाई जागी होती. म्हणाली, "बाबू, काय बोलून राहिला गा तू?"

बाबाराव वळून तिच्याकडे पाहू लागले.

"तुह्यं पुस्तक मी कधी वाचलं? मशीनवरून डोकं वर काढाले फुरसत होती का मले? तू माह्या मागं उभा राहून म्हणे, अक्का, दार नोको उघडू. मी कडी त्याच्या आधीच लावली होती. मले खिडकीतून दिसला ना तो. आवाज नाही दिला, नाव नाही घेतलं, कशी आहेस नाही म्हटलं. पहिले चपला काढल्या. नीट जोडीनं, भिंतीले लावून ठेवल्या. जसा काही सकाळी बाजारात गेला अन् आता आला. मी म्हटलं, याले तर मी दिसूनच नाही राहिली. हा घरात येऊन राहिला, माह्याकडे नाही."

बाबारावांनी विचारलं, "मंग इतके वर्स सांगितलं काहून नाही?"

पार्वतीबाई म्हणाली, "तुले वाटे, तूनं मले वाचवलं. वाटू दे म्हटलं. तुह्या बायकोसमोर तुही तेवढीच इज्जत होती."

कोणीतरी हसलं. मग बाबारावच हसले, आणि हसता हसता त्यांनी तोंडावर रुमाल धरला तो बराच वेळ काढला नाही. पार्वतीबाईनं त्यांच्या पाठीवर एक थाप मारली, लहान मुलाला ठसका लागल्यावर मारतात तशी. शोभाताई नाक पुसत जवळ आल्या. म्हणाल्या, बाबाराव, मी त्या पानाची झेरॉक्स काढून देते, चिकटवून घ्या. बाबाराव म्हणाले, "राहू द्या मॅडम. माह्यं आहे तसंच बरं आहे."

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. कुठल्याही भल्या गोष्टीची इथे संपायची तयारी असते. पण पार्वतीबाईनं शोभाताईंचा पदर धरला आणि विचारलं, "त्या बाईनं काहून काढली वं कडी?" शोभाताई समजावू लागल्या, त्याग, क्षमा वगैरे. पार्वतीबाई म्हणाली, "असं नाही समजत. पहिल्यापासून वाच."

तर आता दर रविवारी ते वाचन चाललंय, माझ्या दिवाणखान्यात. (हॉल उन्हाळी शिबिराला दिला.) पाचशेच्या वर पानं आहेत. शोभाताई वाचतात, आणि पार्वतीबाई दर दुसऱ्या वाक्याला त्या नायिकेला आवाज देते. "अवं, त्याले पैसे नोको देऊ!" "सासूले सांग ना स्पष्ट!" नायिका ऐकत नाही, त्यामुळे पार्वतीबाई चिडते आणि तेच पान पुन्हा वाचायला लावते. सगळी सोसायटी येते. माणसं सतरंजीवर मावत नाहीत, बेडरूमच्या दारापर्यंत बसतात. सोसायटीतले तमाम पुरुष आता स्वतःच्या घराची बेल वाजवून पायात जोडे तसेच ठेवून उभे राहतात आणि बायको दिसली की "कशी आहेस?" म्हणतात. एकीनं घाबरून डॉक्टरला फोन केला. चहा माझ्याकडे, सतरंजी माझ्याकडे, पाण्याचे ग्लास माझ्याकडे. मला आवडलेल्या पुस्तकाबद्दल अजून कोणी विचारलेलं नाही. थकलो ताई. हे पुस्तक संपलं की मंडळ बंद करून टाकणार आहे. कोणी तुला असलं काही सुरू करायला सांगितलं, तर सरळ भजनी मंडळ काढ. तिथे निदान सगळे एकाच सुरात ओरडतात.

भाच्यांना आशीर्वाद. सुनेला सांग, पत्र पोचलं एवढंच कळव, आतलं राहू दे. थकलेला पण अजून उभा असलेला,

तुझा भाऊ
सुमंत

ता. क. एक लिहायचं राहिलं. नागपूरला मे महिन्यात कोणी कोणाला बोलावत नाही, हे मला कळतं. तरी ये. फोनवर दर वेळी तू "मला काय धाड भरलीय" म्हणतेस, आणि मागून टीव्हीशिवाय कोणाचा आवाज येत नाही. पार्वतीबाईला तिच्या वयाचं भांडायला माणूस हवंय. शोभाताई तिच्यापुढे लवकर रडतात. तुला रडताना मी भाऊजी गेले तेव्हाही पाहिलं नाही, तेव्हा तूच योग्य. मागची खोली झाडून ठेवली आहे. पुस्तक निम्म्यावर आलंय, लवकर निघ.

ता. क. २. वन्सं, पाकीट मी चिकटवतेय म्हणून दोन ओळी. यांचं सगळं खरं धरू नका. मंडळ बंद वगैरे काही होत नाही. रविवारी दुपारचं जेवण झालं की सतरंजी अंथरून हे दाराशी जाऊन बसतात, आणि कोणाला यायला उशीर झाला तर जिन्यात दोनदा डोकावून येतात. मागच्या रविवारी शोभाताईंचा घसा बसला म्हणून यांनी वाचलं. मधेच थांबले. खोकला आला म्हणाले. खोकला कोणालाच ऐकू आला नाही. पार्वतीबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाल्या, "घाई नाही गा, आम्ही बसलो आहो." तुम्ही याच.

– मयुरा