आखाजीचा कॉल

गोडादरा, सुरत
६ एप्रिल २०२५

चि. सौ. जयश्री हिस,

योगराजभाऊचा आशीर्वाद. इकडे आम्ही ठीक आहोत. तू, जावईबापू आणि पोरं मजेत असाल. बारडोली इथून तासाभराची, तरी भाऊ पत्र काय लिहीत बसलाय, असं तुला वाटेल. फोन केला तर तू उचलशील का, ही एक शंका. आणि उचललास तर मला बोलता येईल का, ही दुसरी.

आधी बातमी. माझा जुना फोन मान टाकायला लागला. नवा घ्यायचं ठरलं आणि घरात दोन पक्ष पडले. पूजा कापड मार्केटात नोकरीला, ती म्हणे, "पप्पा, आयफोन ज लो ने!" वैभव म्हणे अँड्रॉइडच. त्याने ॲपांची जत्राच मांडली. एक झाडाचा फोटो पाहून नाव सांगतं, एक आपलं मराठी गुजरातीत आणि त्यांचं गुजराती मराठीत बोलून दाखवतं. मी म्हटलं, हे तेव्हा असतं तर पहिल्या शेठच्या शिव्या मला वेळेवर कळल्या असत्या!

तुला आठवतं? दहावीनंतर तू माझ्याकडे राहायला आलीस, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी एसटीडी बूथ होता. माय गावी किराणा दुकानात फोनपाशी बसून राहायची आणि तू माझ्या हातातून रिसीव्हर ओढायचीस. फार चांगले दिवस होते ते. पुढे इथेच तू जावईबापूंना पसंत केलंस आणि मायने तुझं नाव टाकलं.

तर मी आयफोनच घेत होतो. दुकानदार जुना फोन चाळून म्हणाला, "काका, फोटा बधा आवी जशे. पण आ रेकॉर्डिंग पहेलां सांभळी लो." म्हणे आधी ऐकून घ्या, ती आयफोनात यायची नाहीत. कसलं रेकॉर्डिंग? वैभवने कधीतरी चालू करून ठेवलेलं. माझा प्रत्येक कॉल आपोआप साठत होता. फोन न घेताच घरी आलो.

मायचे एकेचाळीस कॉल निघाले. बरेचसे कारखान्यातले, लूमच्या खडखडाटात बुडालेले. तीस वर्षं लूमवर काढलेला माणूस फोन ऐकत नाही, नुसतं "हो हो" म्हणतो, हे तुला ठाऊकच आहे. वैभवने एक ॲप उतरवलं, ते गोंगाट वेगळा काढतं. त्याने बोट लावलं आणि चोवीस लूम एकदम बंद पडले, जया. माय शेजारी बसल्यासारखी बोलायला लागली.

इथवर लिहून चहा प्यायलो. दोनदा प्यायलो. आता खरं ते लिहितो.

एक कॉल तीन वर्षांपूर्वीचा आहे, अक्षय्य तृतीयेच्या, आपल्या आखाजीच्या आठ दिवस आधीचा. माय म्हणते, "जयाले सांग, आखाजीले ये म्हना. मना राग गया आते. झोका बांधी ठेवस. सांगशी ना?"

आणि मी म्हणतो, "हो माय, हो."

मला एक शब्द ऐकू आला नव्हता. आखाजीला गावभरच्या लेकी माहेरी आल्या. दोन दिवसांनी मायचा परत कॉल, "जया नही उनी रे." जया आली नाही म्हणते, आणि त्यालाही मी हो हो म्हटलंय. महिन्याभराने ती गेली. दहाव्याला तू मला विचारलंस, "माय कधी माझं नाव घ्यायची का?" मी नाही म्हटलं. जे खरं वाटत होतं तेच सांगितलं, पण ते खोटं निघालं. त्या दिवसापासून तू माझी पायरी चढली नाहीस.

माफ कर म्हणायला तोंड नाही. तरी म्हणतो, माफ कर.

शेवटी अँड्रॉइडच घेतला, मेमरी कार्ड बसणारा. वैभव म्हणतो, व्हॉट्सॲपवर पाठवून द्या. मला ते बरं वाटेना. दोन्ही कॉल कार्डात भरून पाकिटात ठेवलेत. तुझा फोन कुठला, तेही मला माहीत नाही. आयफोन असेल तर त्यात कार्ड बसत नाही म्हणे. बसलं तर ऐक. नाही बसलं तर ये, माझ्या फोनवर ऐकू. बसलं तरी ये. तीस तारखेला आखाजी आहे. गच्चीवर झोका बांधून ठेवतो. तुझी वहिनी सांजोऱ्या करणार आहे.

या खेपेला लूम बंद करून, तू काय म्हणतेस ते ऐकायला बसलेला,

तुझा भाऊ
योगराज