पाय न टेकता

३ जानेवारी, शनिवार

पुन्हा पडले. वाळूत लागत नाही फारसं, लाजच जास्त वाटते. जाई वर उभी राहून, इथल्या लोकांसारखं शेवटी 'लाह' लावून म्हणते, "मागे सरक, पेडल मारत राहा. लेग डाऊन मीन्स फेल, लाह." माझीच मुलगी ही! हिला सायकल शिकवताना मरीन परेडला सीट धरून मी धावत होते, तेव्हा कुठे होतं हे फेल-बिल?

तिची अट अशी — पासिर रिसच्या पुढची किनाऱ्यालगतची ती वाळूची वाट एकदा पाय न टेकता पार करायची. केली तर मे महिन्यात मला गोबीच्या वाळवंटात सायकल चालवायला नेणार. "आणि मग तुला एक सांगायचंय." आत्ताच सांग म्हटलं तर नुसती हसली. मुलगा असणार. पंचविशी उलटली, असायलाच हवा.

५ जानेवारी

निशिकांत म्हणे, "सुनेत्रा, तू ताळेबंदाची बाई. तोल सांभाळणं तुझं काम नाही." नवरा स्वतः एक मजला चढायलाही लिफ्टची वाट बघतो.

८ जानेवारी

जाईला लहानपणापासून मी एकच ऐकवत आले — पाय जमिनीवर असू देत. शाळेत बक्षीस मिळालं तेव्हा तेच, बँकेत लागली तेव्हाही तेच. आज तिने उलट सुनावलं, "आई, तुझा प्रॉब्लेमच तो आहे. पाय जमिनीवर." पोट दुखेपर्यंत हसलो दोघी.

१० जानेवारी

काय तो वारा! समुद्रावरून थेट अंगावर. दातांत वाळू, कानांत वाळू. जाई म्हणाली, "टुडे कॅन्सल?" म्हटलं, गोबीत वारा काय मला विचारून येणार आहे?

मधल्या भुसभुशीत पट्ट्यात पुढचं चाक रुतायला लागलं. हात ढिले सोडले, मागे सरकले, पेडल मारत राहिले. वाऱ्याने असं ढकललं की उजवा पाय पेडलवरून सुटलाच. मागून जाई ओरडली — चक्क मराठीत — "आई, नको टेकूस, नको!"

टेकला नाही. तसाच हवेत धरला, दुसऱ्या पायाने रेटलं, आणि आले की कडक जमिनीवर! जाईने सायकल टाकून मला मिठी मारली. इतका आनंद मला प्रमोशनचाही झाला नव्हता.

हॉकर सेंटरमधल्या खाण्यापिण्याच्या एका टपरीवर उसाचा रस प्यायलो. निशिकांतला तिथूनच फोन केला — मे महिन्यात तुझा डबा तू करायचास. "पडलीस ना?" म्हणाला. नाही पडले म्हटल्यावर भाताला पाणी किती घालायचं ते विचारायला लागला बिचारा.

जाई मात्र म्हणाली, "ते सांगायचंय, ते उद्या." असू दे. मी तिच्या मित्रांची नावं मनात आणून बघतेय.

११ जानेवारी

मुलगा नाहीच. जाई बँक सोडतेय. गोबीत सायकलच्या सहली नेणार, अर्धं वर्ष तिकडेच राहणार. सांगून झाल्यावर माझ्या तोंडाकडे बघत बसली. मी काय म्हणणार ते तिला पाठच आहे.

पाय जमिनीवर — इतकं आलंही होतं जिभेवर. गिळलं. विचारलं, "तिकडे थंडी फार असते का गं?"